इंग्रजी वाचनाचे बालवर्ग : पारख कशी करावी?

तीन-चार वर्षांच्या मुलाला इंग्रजी वाचनाच्या वर्गास घालावें कीं नाहीं, आणि घालावयाचेंच झाल्यास तो वर्ग कसा पारखावा, या विषयावर आज आपल्याशीं चार शब्द बोलावयाचें योजिलें आहे. विषय दिसण्यांत लहान आहे. परंतु ज्या घरांत तीन वर्षांचें मूल आहे, त्या घरांत सध्यां याच विषयावर आईबाप, आजी-आजोबा आणि शेजारीपाजारी यांचा खल चाललेला असतो. मी राहतों त्या नारायण पेठेंत सायंकाळीं मोदी गणपतीपासून पत्र्या मारुतीपर्यंत सहज चक्कर टाकली, तरी पाठीला दप्तर लावून, आजोबांचें बोट धरून अशा वर्गास निघालेलीं मुलें भेटतात. 'कोठें निघाली स्वारी?' असें विचारलें, तर 'फोनिक्सला' असें उत्तर येतें. ज्याचा सारा जन्म मुलांना अक्षरओळख करून देण्यांत गेला, त्या मजसारख्या जुन्या मास्तराला या शब्दाविषयीं कुतूहल वाटावें, हें स्वाभाविकच आहे.

आमच्या पेठेला इंग्रजीचें वावडें कधींच नव्हतें. १८८१ सालीं निघालेला मराठी 'केसरी' आणि त्याच्या जोडीचा इंग्रजी 'मराठा' यांच्याशीं ज्याचें नांव कायमचें जोडलें गेलें, तो टिळकांचा गायकवाड वाडा नारायण पेठेंतलाच. त्याच्या आदल्याच वर्षीं टिळक व नामजोशी यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूल काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर हे 'निबंधमाले'चे कर्ते होते. इंग्रजी शाळा काढणारा मनुष्य मराठी गद्याचा धुरंधर असावा, यांत त्या काळीं कोणास विसंगति दिसली नाहीं. मात्र हे सर्व लोक मराठींत पक्के मुरल्यावर इंग्रजीकडे वळले होते, हें आपण विसरतां कामा नये.

माझ्या पिढीला इंग्रजीचें दर्शन पांचवीच्या वर्गांत झालें. २००० सालापासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. आणि पहिलींत जें लागणार, तें त्याच्या आधींच तयार असावें, या काळजीनें पालक आतां बालवाडींतल्या मुलालाही वर्ग शोधूं लागले आहेत. ही काळजी हास्यास्पद मुळींच नाहीं. इंग्रजी न आल्यामुळें अडलेलीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. आपल्या मुलावर ती पाळी येऊं नये, असें कोणत्या आईला वाटणार नाहीं? प्रश्न एवढाच कीं, या वर्गांत जें शिकवितात, त्यानें ही काळजी मिटते काय?

त्यासाठीं फोनिक्स म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. इंग्रजींत अक्षराचें नांव एक आणि त्याचा उच्चार दुसरा. 'सी', 'ए', 'टी' हीं तीन नांवें कितीही भरभर म्हटलीं, तरी त्यांतून मांजर बाहेर पडत नाहीं. 'सीएटी' एवढेंच हातीं लागतें. परंतु क्, ॲ, ट् हे तीन ध्वनि एकमेकांस जोडले, कीं 'कॅट' हा शब्द तयार होतो. म्हणून अक्षरांच्या नांवांपूर्वीं त्यांचे ध्वनि शिकवावे आणि ते जोडून शब्द वाचावयास लावावे, अशी ही ध्वनिपद्धति आहे. इंग्रजींत अक्षरें २६, पण ध्वनि सुमारें ४४. त्यामुळें कोठें दोन अक्षरें मिळून एक ध्वनि होतो, तर कोठें एकाच अक्षराला दोन-दोन ध्वनि सांभाळावे लागतात. इंग्लंडांतून आलेल्या 'जॉली फोनिक्स' या योजनेंत ४२ ध्वनींचे सात गट केलेले आहेत. पहिल्या गटांत एस, ए, टी, आय, पी, एन हीं सहा अक्षरें येतात. कारण एवढ्या सहांतूनच 'पिन', 'टिन', 'टॅप', 'नॅप', 'सॅट' असे कितीतरी शब्द मुलाला लगेच वाचतां येतात. योजना खरोखर हुशारीची आहे. अमेरिकेंतील राष्ट्रीय वाचन-समितीनें २००० सालीं पद्धतशीर ध्वनिशिक्षणाचा लाभ मान्य केला, आणि इंग्लंडांत २००६ च्या रोझ अहवालानें शाळांना तीच शिफारस केली. तेव्हां ही पद्धति म्हणजे निव्वळ दुकानदारी आहे, असें म्हणणें अन्यायाचें होईल.

आणि आपणांस ती नवीनही नाहीं! देवनागरींत अक्षराचें नांव तोच त्याचा उच्चार. 'घ'ला आपण 'घ'च म्हणतों आणि 'र'ला 'र'; दोन्ही जवळ आणलीं कीं 'घर' तयार. मराठी मूल बाराखडी घोकतें, तेव्हां तें ध्वनि आणि चिन्ह यांची सांगडच घालीत असतें. एका चिन्हाचे दोन उच्चार होऊं शकतात, हेंही त्याच्या कानाला ठाऊक असतें. 'चार' मधला 'च' आणि 'चाक' मधला 'च' तें बिनचूक निरनिराळे बोलतें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. इंग्लंडांतलें पांच वर्षांचें मूल प्, इ, न् हे ध्वनि जोडून 'पिन' वाचतें, तेव्हां त्याला एक जुना ओळखीचा शब्द भेटतो. तो शब्द त्यानें घरीं शेंकडों वेळां ऐकलेला असतो. नवें असतें तें फक्त त्याचें कागदावरचें रूप. आपलें मूल तेच ध्वनि तितक्याच सफाईनें जोडतें, पण भेटतो तो अनोळखी शब्द. १९८६ सालीं गॉफ व टनमर या दोन संशोधकांनीं वाचनाचें एक सोपें गणित मांडलें. वाचन म्हणजे अक्षरें उलगडण्याची शक्ति गुणिले भाषा समजण्याची शक्ति. येथें बेरीज नसून गुणाकार आहे, हें ध्यानांत घ्यावें. दोहोंपैकीं एक गुणक शून्य असला, तर दुसरा कितीही मोठा असो, उत्तर शून्यच येणार. फोनिक्सचा वर्ग फार तर पहिला गुणक वाढवितो. दुसरा कोण वाढविणार?

आमच्या शेजारचा एक पांच वर्षांचा मुलगा मध्यंतरीं आपलें नवें इंग्रजी पुस्तक दाखवावयास आला. तांबडी कोंबडी 'पेन'मध्यें आहे, अशा अर्थाचें एक वाक्य त्यानें मला खडखडीत वाचून दाखविलें. उच्चार स्वच्छ होते; माझ्या पांचवींतल्या मुलांनाही तसें साधत नसे. मीं विचारलें, 'कोंबडी कोठें आहे, बाळ?' त्यानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें आणि माझ्या खिशाला अडकविलेल्या लेखणीकडे बोट केलें. इंग्रजींत 'पेन' म्हणजे कोंबड्यांचें खुराडेंही होतें, हें त्याला कोणीं सांगितलेंच नव्हतें. त्याला शब्द ठाऊक नव्हता, याचें मला कांहींच वाटलें नाहीं. पण कोंबडी लेखणींत कशी मावेल, हा प्रश्न त्याच्या मनांत उठलाच नाहीं, याचें मात्र फार वाटलें. वाचलेल्या मजकुराला कांहीं अर्थ असावा लागतो, ही अपेक्षाच त्याला लागलेली नव्हती. मग मीं मराठींत म्हटलें, 'अरे, कोंबडी खुराड्यांत बसली आहे.' त्याबरोबर तो म्हणाला, 'मग तिनें अंडें दिलें का?'

श्रोतेहो, वाचणारें मन तें हेंच! अर्थ लागतांच पुढचा प्रश्न विचारणारें हें मन त्या मुलाजवळ पूर्वींपासूनच होतें. परंतु तें मराठींत जागें होतें आणि इंग्रजींत निजलेलें होतें. जी भाषा आधींच अवगत आहे, तींत वाचनाचा पहिला घास घेतला, तर श्रमाचें फळ तत्काळ हातीं येतें. 'घ' आणि 'र' जोडून 'घर' वाचणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो अर्थ भेटल्याचा आनंद असतो. ध्वनि जोडण्याची ही कला एकदां साधली, म्हणजे ती पुन्हां मुळापासून शिकावी लागत नाहीं. इंग्रजीला तीच उपयोगी पडते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन ते आठ हीं वर्षें एकच पायाभूत टप्पा मानून खेळांतून शिक्षणावर भर दिला, आणि शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंत शिकवावें असें सांगितलें, त्यामागें हाच विचार आहे.

मराठी मुलुखांत या विचाराची परंपराही आहे. ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, १९३६ सालीं दादरला शिशुविहार काढला, आणि १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र उभें केलें. या चळवळीला स्फूर्ति देणाऱ्या माँटेसोरीबाईंच्या पद्धतींत मूल खरखरीत कागदाचें अक्षर बोटानें गिरवितें आणि त्याच वेळीं त्याचा ध्वनि उच्चारतें. म्हणजे ध्वनिशिक्षण तेथेंही आहे. पण त्याच्या आधीं हातांना काम, कानांना गाणीं आणि तोंडाला भरपूर बोलणें दिलेलें असतें.

आतां वर्ग पारखण्याविषयीं. सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे; तेव्हां त्याहून लहान मुलांच्या या खासगी वर्गांची तपासणी आईबापांनाच करावी लागते. पहिली गोष्ट, बाईंचा उच्चार ऐकावा. 'एम' या अक्षराचा ध्वनि त्या ओठ मिटून नुसता 'म्' असा करतात, कीं 'म' असा पूर्ण करतात? आपल्या सवयीप्रमाणें प्रत्येक व्यंजनाला 'अ' चिकटविला, तर ब-अ-ट जोडून मुलाला 'बॅट' कधींच ऐकूं येणार नाहीं. दुसरी गोष्ट, वर्गांत अक्षरांपूर्वीं कानाचे खेळ होतात काय? यमकें ओळखणें, शब्दाचा पहिला ध्वनि सांगणें, टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे पाडणें, हा वाचनाचा खरा पाया. तिसरी गोष्ट, वाचलेल्या शब्दाची वस्तु, चित्र किंवा कृति मुलांना दाखवितात काय, आणि त्यावर त्यांच्याशीं बोलतात काय? जो वर्ग हें करीत नाहीं, तो दुसरा गुणक शून्यावरच ठेवतो. चौथी गोष्ट, चार वर्षांच्या हातांत पेन्सिल देऊन पानेंच्या पानें भरून घेणारा वर्ग टाळावा. त्या बोटांना अजून माती, मणी आणि खडू हवे आहेत.

प्रगति पाहावयाची असल्यास पाठ झालेलें पुस्तक मुलाकडून वाचवून घेऊं नये. इंग्लंडांत २०१२ पासून पहिल्या इयत्तेंतील मुलांची जी चांचणी होते, तींत ४० शब्दांपैकीं २० शब्द मुद्दाम निरर्थक घातलेले असतात. कारण निरर्थक शब्द पाठ केलेला असूं शकत नाहीं. 'टॅस' असा एखादा शब्द आपणही कागदावर लिहून दाखवावा. मग एक सार्थ वाक्य वाचावयास देऊन त्याचा अर्थ मराठींत विचारावा. या दोन प्रश्नांनीं वर्गाचें खरें काम कळेल. भिंतीवरच्या प्रमाणपत्रानें कळणार नाहीं.

आणखी एका सल्ल्यापासून आपणांस सावध करणें माझें कर्तव्य आहे. 'घरींही मुलाशीं इंग्रजींतच बोला,' असें कांहीं वर्गांतून सांगण्यांत येतें. ज्या घरांत इंग्रजी सहज बोलली जाते, तेथें प्रश्न नाहीं. परंतु जेथें ती बेताचीच येते, तेथें आई दहा वाक्यांच्या जागीं दोन बोलूं लागते, गोष्टींच्या जागीं नुसत्या आज्ञा येतात, आणि आजी तर गप्पच बसते. मुलाला इंग्रजी मिळते थोडी, आणि जातें तें मात्र फार मोठें. जी आजी त्याला रोज शेंकडों नवे शब्द, नातीं, कारणें आणि गमती सांगत होती, ती त्याच्या शिक्षणांतून बाद होते. असा सल्ला देणाऱ्या वर्गाला नम्रपणें नमस्कार करून घरीं यावें.

मग करावें काय? तिसऱ्या-चौथ्या वर्षीं मराठी गोष्टी, गाणीं आणि अखंड बोलणें. त्यांत हौसेनें चार इंग्रजी गाणीं व चित्रांचीं पुस्तकें अवश्य यावींत. आप्पा बळवंत चौक आमच्या पेठेला लागूनच आहे. वर्गाच्या शुल्काच्या थोड्या अंशांतही तेथून चांगलीं पुस्तकें घरीं येतील. पांचव्या वर्षीं मराठी अक्षरें आणि गांवांच्या भेंड्या. 'पुणें'वरून 'णे'वर अडलेलें मूल शब्दाचा शेवट कानानें तोडावयास आपोआप शिकतें. त्यानंतर इंग्रजी ध्वनि सुरू केले, तर कांहींच उशीर झालेला नसतो. मुलाला इंग्रजी माध्यमांत घालण्याचें ठरलेंच असेल, तर बोलण्याची इंग्रजी आधीं सुरू करावी आणि वाचनाची मागून, एवढा क्रम तरी सोडूं नये.

आणि वर्ग निवडलाच, तर वर्षाचें शुल्क एकदम भरण्यापूर्वीं एक दिवस मागच्या बाकावर बसून पाहण्याची परवानगी मागावी. चांगल्या शिक्षिकेला त्याचा संकोच वाटणार नाहीं. तेथें मुलें बाईंना प्रश्न विचारीत आहेत, कीं बाईच मुलांना विचारीत आहेत, एवढें मोजून यावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.