राजमुद्रेचे वचन
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ब्रिटिश पारपत्राच्या आरंभीच्या पानावर, राणीच्या नावे तिच्या परराष्ट्रमंत्र्याकडून, ज्यांचा संबंध येईल त्या सर्वांना उद्देशून एक आज्ञावजा विनंती छापलेली असे, की धारकास निर्वेध जाऊ द्यावे आणि त्यास लागेल ते साहाय्य व संरक्षण द्यावे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ही सनद ज्यांच्या हाती होती अशा हजारो माणसांना दार लावून घेतले ते परक्या सरकारांनी नव्हे, तर खुद्द ब्रिटनने. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो : साम्राज्य आवरते घेताना ज्या माणसांना आपले म्हणून लिहून दिले होते, त्यांची जबाबदारी टाळण्यासाठी त्या सरकारने आपलाच कायदा वेळोवेळी वाकविला, आणि वाकविताना माणसाचा वर्ण पाहिला.

१९४८ चा ब्रिटिश राष्ट्रीयत्वाचा कायदा, जो १ जानेवारी १९४९ पासून अमलात आला, तो वाचताना आजही मन प्रसन्न होते. युनायटेड किंग्डम आणि त्याच्या वसाहती यांचे मिळून एकच नागरिकत्व त्याने निर्माण केले. जमैकाचा खलाशी, हाँगकाँगचा कारागीर आणि लंडनचा सराफ हे त्या कायद्याच्या दृष्टीने एकाच पंक्तीचे, आणि विलायतेत येऊन राहण्याचा त्यांचा अधिकारही समान. या औदार्याचा लाभ खरोखरच कोणी मोठ्या संख्येने घेईल, अशी कल्पना मसुदा करणाऱ्यांना बहुधा नसावी. लोक येऊ लागले तेव्हा १९६२ मध्ये पहिला निर्बंध आला. पण त्यात एक सूट होती. वसाहतीच्या गव्हर्नराने दिलेल्या पारपत्रास तो निर्बंध लागू होता, लंडन सरकारच्या नावे दिलेल्या पारपत्रास नव्हता.

ही बाब केवळ कारकुनी वाटेल, पण तिच्यावर सबंध एका समाजाचे भवितव्य टांगलेले होते. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधण्यासाठी ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून बत्तीस हजारांच्या आसपास मजूर नेले होते, त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. त्यांच्यामागून गुजराती दुकानदार गेले, सरकारी कचेऱ्यांसाठी गोवेकर कारकून गेले, आणि १९६२ च्या सुमारास केनियात या आशियाई वस्तीची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात पोहोचली होती. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. आईबापांपैकी कोणीच केनियात जन्मलेले नव्हते अशांना नव्या देशाचे नागरिकत्व घेण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. पुष्कळांनी ते घेतले नाही आणि जुने ब्रिटिश नागरिकत्वच ठेवले. आता गव्हर्नर उरला नव्हता; त्यांची पारपत्रे नैरोबीतील ब्रिटिश उच्चायुक्त, म्हणजेच लंडन सरकार, देऊ लागले. अर्थात १९६२ चा निर्बंध त्यांना लागू राहिला नाही. हे अनवधानाने झाले असे पुढे काहींनी म्हटले. परंतु वसाहतमंत्री राहिलेले इयन मॅक्लिऑड यांनी, तसे वचन दिले गेले होते, असे उघडपणे सांगितले आणि पुढे १९६८ च्या निर्बंध-विधेयकावर स्वपक्षाच्या बहुमताविरुद्ध मत दिले. मॅक्लिऑड यांच्याविषयी मला या एका कारणासाठी नितांत आदर वाटतो.

१९६७ मध्ये केनिया सरकारने नागरिक नसलेल्यांच्या नोकऱ्यांवर आणि दुकानांवर परवान्यांचा अंमल बसविला, तेव्हा ही कुटुंबे विमानाने लंडनची वाट धरू लागली. त्यावर गृहमंत्री जेम्स कॅलहन यांनी एक विधेयक आणले. दोन्ही सभागृहांतून ते तीन दिवसांत पार पडले, आणि १ मार्च १९६८ रोजी त्याचा कायदा झाला. ज्याचा स्वतःचा, बापाचा, आईचा किंवा आजाआजीचा जन्म ब्रिटनमध्ये झाला असेल, किंवा त्यांपैकी कोणास तिथेच नागरिकत्व मिळाले असेल, त्याचाच प्रवेशाचा हक्क कायम. बाकीच्यांसाठी वर्षाला दीड हजार कुटुंबप्रमुखांचे परवाने. केनियातील गोऱ्या मळेवाल्यास या कलमाने साधारणतः बाधा येत नव्हती. भारतीय दुकानदाराचा मार्ग मात्र खुंटला. हे तत्त्वतः गैर आहे आणि वर्णभेदमूलक आहे, असे मंत्रिमंडळातच राष्ट्रकुलमंत्री जॉर्ज थॉमसन यांनी लिहून कळविले होते, हे पुढे दप्तरे खुली झाल्यावर उघडकीस आले. म्हणजे सत्य अज्ञात नव्हते. ते बाजूस सारले गेले. भारत सरकारनेही, ही जबाबदारी ब्रिटनची आहे या भूमिकेवरून, अशा पारपत्रधारकांवर व्हिसाची अट घातली. ज्यांच्या पूर्वजांनी मुंबई बंदर सोडून मोंबासा गाठले होते, त्यांना आता दोन्ही किनारे दुरावले. १९७३ मध्ये युरोपीय मानवाधिकार आयोगाने, वर्णावरून एखाद्या समाजास असे उघडपणे वेगळे काढणे ही मानहानीकारक वागणूक ठरू शकते, असा निर्वाळा दिला.

न्यायाने हेही नमूद केले पाहिजे, की १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत हाकलले तेव्हा एडवर्ड हीथ यांच्या सरकारने सुमारे अठ्ठावीस हजारांना आश्रय दिला. १९८१ च्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्याने मात्र उरलेल्या वसाहतींतील प्रजेला विलायतेत राहण्याच्या हक्काविना असलेले दुय्यम नागरिकत्व दिले. त्यातून फॉकलंडच्या अठराशे रहिवाशांना युद्धानंतर १९८३ मध्ये मुक्त केले, हाँगकाँगच्या तीसेक लाखांना केले नाही.

परंतु ज्या प्रकरणाने मला अतिशय व्यथित केले आहे ते चागोस बेटांचे. मॉरिशस ही तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. उसाच्या मळ्यांसाठी रत्नागिरीकडून तिथे गेलेल्या गिरमिटियांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. १९६५ मध्ये, स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असतानाच, तीस लाख पौंड देऊन चागोस हा द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडण्यात आला आणि ८ नोव्हेंबर रोजी त्याचा निराळा मुलूख जाहीर झाला, कारण दिएगो गार्सिया बेट अमेरिकेस लष्करी तळासाठी हवे होते. तिथे दीडदोन हजार माणसे पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या बागांवर राहत होती, आणि ती १९४८ च्या कायद्याने ब्रिटिश नागरिक होती. परराष्ट्र खात्याच्या दप्तरी त्यांना कंत्राटी, तात्पुरते मजूर म्हणून दाखविण्यात आले, कारण कायमची वस्ती आहे असे मान्य केले असते तर संयुक्त राष्ट्रसंघास जाब द्यावा लागला असता. १९६८ ते १९७३ या काळात त्यांना पोर्ट लुईच्या धक्क्यावर आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडले. त्यांची कुत्री आधी विषारी वायूने मारली.

२००० साली लंडनच्या उच्च न्यायालयाने ही हद्दपारी बेकायदा ठरविली आणि परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी तो निकाल शिरोधार्य मानला. २००२ च्या कायद्याने चागोसवासीयांना ब्रिटनचे पूर्ण नागरिकत्वही मिळाले. मग २००४ मध्ये, संसदेत चर्चा न करता, राजाधिकारातील फर्मानाने बेटांवर परतण्यास पुन्हा मनाई झाली, आणि २००८ मध्ये उमरावसभेच्या न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी ती उचलून धरली. ब्रिटिश पारपत्र हेदेखील त्याच राजाधिकाराखाली दिले जाते. म्हणजे ज्या अधिकाराने परराष्ट्रमंत्री या बेटकऱ्यांना जगभर निर्वेध जाऊ द्यावे अशी विनंती करीत होता, त्याच अधिकाराने त्याने त्यांना जन्मस्थानी जाण्यास बंदी केली.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तेरा विरुद्ध एक मताने, चागोस तोडणे बेकायदा होते, असा सल्लादर्शक अभिप्राय दिला, आणि २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांच्यात बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याचा तह झाला. तहानुसार दिएगो गार्सियाचा तळ नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे राहणार आहे आणि त्या बेटावर पुनर्वसन होणार नाही. इतर बेटांवर करावे की नाही, ते मॉरिशस ठरवील. हा तह दोन सरकारांत झाला. ज्यांची ती बेटे, त्या लोकांना वाटाघाटीत स्वतंत्र आसन दिले गेले नाही. १९६५ मध्येही त्यांना विचारले नव्हते. त्यांतील काहींना मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य आहे, काहींचा त्यास तीव्र विरोध आहे, आणि या मतभेदाचा निवाडा त्यांच्यापैकीच प्रत्येकाचे मत घेऊन व्हावयास हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.