पिशवीबंदी : दंड कोणाच्या माथी?

(जयपूर येथे रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या सभेत मराठी प्रतिनिधींपुढे केलेले भाषण)



प्लास्टिकच्या पिशवीचा वाद या जयपूर शहरात नवा नाही. राजस्थान सरकारने १ ऑगस्ट २०१० पासून साऱ्या राज्यात प्लास्टिकच्या कॅरी बॅगवर बंदी घातली. आपल्या महाराष्ट्रात अशी सरसकट बंदी २०१८ साली आली. तरीही बडी चौपड ते चांदपोल एक चक्कर मारा, कोठे ना कोठे पिशवी दिसल्यावाचून राहत नाही. दुकानदार सांगतो, गिऱ्हाईक मागते. गिऱ्हाईक सांगते, दुकानदार देतो. पालिका दोघांकडे बोट दाखवते. ज्याच्या यंत्रातून ही पिशवी बाहेर पडते त्याचे नाव मात्र या तिन्ही जबाबांत येत नाही.

आमचे मत आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. बंदी हवी. गरिबाच्या पोटावर पाय येतो एवढेच म्हणून कामगार संघटनेने बंदीला विरोध करावा, हे आम्हांस मान्य नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसात मुंबई बुडायचीच. पण गटारे तुंबवण्यात पातळ पिशव्यांचा हात होता हे सरकारनेही धरले आणि पुढे ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद केल्या. रुळांवर पाणी चढले की रात्रभर त्यात कोण उभा असतो? ट्रॅकमन आणि पॉइंट्समन. रुळांमधला ओला कचरा कोण वेचतो? कंत्राटी सफाई कामगार. बंदी खरोखर झाली तर पहिला श्वास आपलाच माणूस घेईल.

आमचा आक्षेप बंदीच्या टोकाला आहे, ती कोणाकडे रोखली आहे याला. राजस्थानची बंदी १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली निघाली. त्या कायद्यात तेव्हा शिक्षा होती पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. कारखानदाराला आणि टोपलीवालीला कलम एकच. (पुढे २०२३ च्या दुरुस्तीने कैदेऐवजी मोठा दंड आला.) एवढी जबर शिक्षा कोर्टापर्यंत क्वचित पोहोचते, ती रस्त्यावर धाक म्हणून वापरली जाते, आणि धाकाचा हप्ता कसा होतो हे फेरीवाल्याला शिकवावे लागत नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये पहिल्या गुन्ह्याला पाच हजार आणि दुसऱ्याला दहा हजार दंड ठेवला. कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्या बाईने पाच हजार कोठून आणावेत?

आता जाडीचे पाहा. केंद्राच्या नियमांत १९९९ साली किमान जाडी २० मायक्रॉन होती. २०११ मध्ये ती ४० झाली, २०१६ मध्ये ५०, २०२१ मध्ये ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. यामागचा हिशेब चुकीचा नाही. पिशवी सहापट जाड केली की तिला सहापट माल लागतो, ती फुकट वाटणे परवडत नाही, आणि कचरा वेचणाऱ्या बाईला ती उचलण्याजोगी वाटते. पातळ पिशव्या शेकडो गोळा कराव्या तेव्हा कोठे किलो भरतो. म्हणून ती त्या गटारातच सोडते. पण मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इथल्या अजमेरच्या रेल्वे कारखान्यातला फिटर तो मायक्रोमीटर लावून सांगेल. भाजीवालीच्या तराजूशेजारी मायक्रोमीटर नसतो. जाडी मोजायची ती यंत्राच्या तोंडाशी, नाहीतर घाऊक गोदामात.

तिथे मात्र हात सैल पडतो. २०१६ च्या नियमांत लिहिले होते की पुन्हा वापरात न येणारे बहुस्तरीय प्लास्टिक, म्हणजे वेफर्सच्या चकचकीत पुड्यांसारखे, दोन वर्षांत बंद करावे. दोन वर्षे भरत आली तशी २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. जे जाळून ऊर्जा मिळत नाही किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग नाही, असेच बंद करावे, असा शब्द आला. जाळून उष्णता कशातून मिळत नाही? कंपनीची पुडी वाचली. १ जुलै २०२२ च्या देशव्यापी बंदीत चमचे, पेले, कांड्या गेल्या. ही पुडी तेव्हाही राहिली. उत्पादकाने आपला कचरा गोळा करण्याची जबाबदारी कागदावर घेतली आहे. ती आपल्या फलाटावर किती दिसते, हे फलाट झाडणाऱ्यांना विचारा.

रेल्वेने आपल्या आवारात २ ऑक्टोबर २०१९ पासून ५० मायक्रॉनखालचे एकदा वापरायचे प्लास्टिक बंद केले. कुल्हडाचा चहा तर दोनदा जाहीर झाला, २००४ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२० मध्ये याच राजस्थानातल्या ढिगावडा स्थानकावर. कुंभाराला वर्षभराची मागणी आणि ठरलेला भाव दिल्याशिवाय तिसऱ्यांदा जाहीर करूनही काय होणार?

टपालवाल्या साथींना एक जुनी गोष्ट आठवत असेल. आरएमएसची कापडी थैली जात असे आणि रिकामी होऊन परत येत असे. थैल्यांचा हिशेब ठेवावा लागे. परत येणारी थैली, हाच तर प्लास्टिकला खरा पर्याय. महाराष्ट्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परताव्याची तरतूद होती. ती नीट राबवली असती तर ठेलेवाल्याला कोणी बोललेही नसते. इथे शेजारी सांगानेरला कापडाची छपाई आणि हातकागद दोन्ही आहेत. जयपूरच्या बाजारांना तिथल्या पिशव्या अनामत घेऊन पुरवता येतील.

२०१४ च्या फेरीवाला कायद्याने शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. पिशवीबंदीची अंमलबजावणी त्या समितीपुढे यावी, आणि पर्यायी पिशवी हाती पडेपर्यंत ठेलेवाल्याकडून दंड घेऊ नये, कारखान्यावर आणि घाऊक गोदामावर छापे आधी पडावेत, असा ठराव आम्ही मांडत आहोत. चर्चेत जयपूर स्थानकावरच्या सफाई कामगार बहिणी मागच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना प्रथम बोलू द्यावे, अशी अध्यक्षांना विनंती आहे. त्या हिंदीत बोलतील. मराठी टिपण घेण्याचे काम आमच्याकडे.