गल्ल्यापलीकडचा आफ्रिकी माणूस
(कोल्हापूर येथील भाषण)



केनियाच्या खेड्यांत हिंदी माणूस पोहोचला तो बहुधा व्यापारी म्हणून. आपले 'दुकान' स्वाहिलीत 'दुका' झाले. परंतु गल्ल्यापलीकडचा आफ्रिकी बहुतेकांना गिऱ्हाइकापुरताच दिसला.

आपल्या शेजारच्या औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ साली भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीस गेले. त्यांनी मात्र किकुयू पुढाऱ्यांशी, जोमो केन्याटांशी बरोबरीच्या नात्याने स्नेह जोडला. त्यात नवल ते काय? १९३९ साली औंधने गावपंचायतींच्या हाती सत्ता दिली. त्याच वर्षी किकुयूंनी गिथुंगुरीत स्वतःचे अध्यापक विद्यालय उभारले होते.

ब्रिटिशांना ही मैत्री खुपली. १९५४ मध्ये पंत परतले. तोवर गिथुंगुरीचे विद्यालय बंद पाडून सरकारने त्याच आवारात फाशीचे खांब रोवले होते.