वळकटीपुरती जागा

(कोकणातील एका गावी वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून.)

पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून साडेपाचपासून येऊन बसलेल्या श्रोतेहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मुंबईतलं पहिलं घर : स्वप्न आणि नियोजन’. त्यातलं स्वप्न संयोजकांनी घातलंय. माझी नोकरी गेली बँकेच्या गृहकर्ज विभागात. तिथे कुणी स्वप्न घेऊन आला की आम्ही त्याच्याकडे आधी पगाराच्या स्लिपा मागायचो. (हशा)

समोर बघतो तर मुलं कमी, आईबाप जास्त. म्हणजे मुलं एक तर मुंबईला पोचली, नाहीतर निघायच्या बेतात. आता निकाल लागतील, कुणाला ऐरोलीत, कुणाला पवईत नोकरी लागेल, आणि तुतारी एक्सप्रेसचं तिकीट काढायच्या आधी तुम्ही डोंबिवलीच्या मेहुण्याला फोन कराल, ‘एखादा वन-बीएचके बघून ठेव.’ फ्लॅटचं मी सांगणार आहे, पण शेवटी. आधी माझं जुनं तुणतुणं वाजवू द्या. बावीस वर्षांच्या पोराला त्या शहरात पहिल्यांदा काय लागतं? वळकटी टाकण्यापुरती जागा, आणि तीही पहिला पगार होईपर्यंत उधार. अशी जागा मुंबईत होती. ती गेली, आणि गेली याचं कुणाला काही वाटलं नाही.

आजचा हिशेब बघा. तीन मुली. मुलुंड किंवा चेंबूरला वन-बीएचके, भाडं ३६,००० धरू. आकडा फुगवलाय असं वाटलं तर मुलीला फोन लावा, ती त्याहून वाढवून सांगेल. माणशी आले १२,०००. हातात ३५,००० पगार येत असेल तर ओढूनताणून जमतं. पण मालक तीन महिन्यांचं डिपॉझिट मागतो, ते झाले १,०८,०००. एजंटची दलाली महिन्याच्या भाड्याइतकी. पहिलं भाडं आगाऊ. बेरीज १,८०,०००, म्हणजे माणशी ६०,०००. गादी, बादली, शेगडी वेगळी. हे सगळं चावी हातात पडायच्या आधी. पगार मात्र महिना भरल्यावर. पोरगी भाड्याला अडत नाही हो, या साठ हजारांना अडते. ते कोण भरतं? तुम्ही. ज्याला भरणारं कुणी नाही तो मामाकडे हॉलमध्ये झोपतो आणि मामीचा चेहरा बघून जेवतो.

केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायदा काढला. राहत्या घराला दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट घेऊ नये, असं त्यात लिहिलंय. छान लिहिलंय. पण तो नमुना आहे, राज्यांनी उचलला तर लागू.

भाड्याच्या खोल्या गेल्या कुठे? हा इतिहास तुम्हाला पाठ आहे, म्हणून पळत सांगतो. १८९६ चा प्लेग आला, म्हणून शहर सुधारायला १८९८ ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाली, तिने भाड्याच्या बीआयटी चाळी बांधल्या. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहिले, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. मग १९२० च्या दशकात सरकारच्या बीडीडी चाळी, खोली १६० चौरस फुटांची. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी १९४० च्या पातळीला गोठली. भाडेकरू निवांत झाला, मालकाने डागडुजी सोडली, आणि भाड्यासाठी नवी चाळ बांधायला कुणी धजेना. १९६३ ला ओनरशिप फ्लॅटचा कायदा आला, घरं विकायलाच बांधली जाऊ लागली, आणि भाड्याच्या खोल्या संपल्या. जुन्या खोलीसाठी भाड्याखेरीज ठोक पगडी मोजावी लागे, ती या सभागृहात सांगायला नको. निम्म्यांनी दिलीय, निम्म्यांनी घेतलीय. (हशा)

आता मघाच्या वळकटीपुरत्या जागेचं, म्हणजे गावाच्या खोलीचं. हे दोन मिनिटांत उरकतो.

मी १९७९ ला मुंबईला गेलो. एसटीने परळला उतरलो, खांद्यावर वळकटी, हातात पत्र्याची ट्रंक. लालबागला आमच्या गावाने भाड्याने धरलेली खोली होती. तुमच्याही वाड्यांच्या होत्या. कुणाची चिंचपोकळीला, कुणाची डिलाईल रोडला. दहा बाय बाराची खोली आणि राहणाऱ्यांच्या वहीत पंचवीसेक नावं. कसे मावायचे? पाळ्यांनी. पहिली पाळी सकाळी सातला गिरणीत जायची, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. एक उठला की दुसरा आडवा. ट्रंका माळ्यावर, वळकट्या भिंतीशी, आणि उन्हाळ्यात अर्धी खोली व्हरांड्यात. मी बँकेतला, दहा ते पाच. मी कुणाच्याच सोयीचा नव्हतो. मी रात्री झोपायचो तेव्हा दुसऱ्या पाळीवाले कामावरून यायचे, आणि त्यांना बाराला गप्पा मारायच्या असायच्या. ‘सायेब, पाय आखडा,’ एवढंच मला वर्षभर ऐकू येत होतं. (हशा)

खोलीला एक कारभारी असायचा. आमचे कारभारी गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, मिशा ह्या एवढ्या. खोलीत दारू नाही, पत्ते फक्त गणपतीत, आणि नळावर भांडण झालं तर चूक कुणाचीही असो, दोघांनी पाणी भरायचं. खाणावळ समोरच्या चाळीत, एक मावशी चालवायच्या. महिन्याचे पैसे, रविवारी रात्री चूल बंद. गिरणगावातल्या अशाच खाणावळवाल्या बायकांना घेऊन प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, पुढल्या वर्षी बोलवा.

पण मुद्दा वहीचा. नवा पोरगा आला की कारभारी वहीत नाव घालायचे आणि रकमेच्या रकान्यात रेघ मारून ठेवायचे. ती रेघ म्हणजे पगार लागेपर्यंत मागायचं नाही. बदली कामगार असेल, महिन्यात आठच दिवस काम मिळालं असेल, तरी रेघ. मावशींच्या खाणावळीतही खोलीवाल्यांचा शब्द चालायचा. डिपॉझिट नाही, दलाल नाही, ‘बॅचलरना देत नाही’ नाही. उलट बॅचलरच हवेत! पोरगा कुणाचा हे सगळ्यांना माहीत, पळून जाईल कुठे? पळाला तर वाडीत त्याच्या बापाला तोंड दाखवायला जागा नाही. हीच त्याची अनामत. बँकेत आम्ही जामीनदार मागायचो, तिथे अख्खी वाडी जामीन होती.

हे फक्त आपलंच होतं असं समजू नका. गोवेकरांच्या गावोगावच्या कुडी धोबीतलावला होत्या, जेर महालात अजूनही काही आहेत. बोटीवर काम करणारा खलाशी बोट लागेपर्यंत तिथे राहायचा. प्रत्येकाची पेटी, झोपायला चटई, आणि संध्याकाळी रोजरीला हजेरी लावायचीच. आपल्याकडे आरती, त्यांच्याकडे रोजरी. पण व्यवस्था तीच, गावाने शहरात धरून ठेवलेली जागा.

हो, ताई, बोला. (श्रोत्यांतून : ‘तुमच्या त्या खोलीत मुलीला जागा होती का?’ टाळ्या.)

टाळ्या अगदी वाजवा. नव्हती. मुलगी काय, कारभाऱ्यांची बायको गावाहून आली तर तीही नातेवाइकांकडे उतरायची. ढेकणांचंही मी सांगितलेलं नाही. ती खोली जशीच्या तशी परत आणा असं मी म्हणतच नाही, आणि संडासाच्या रांगेत उभा राहिलेला माणूस चाळीवर कविता करत नाही. मला त्या वहीतली रेघ परत हवी आहे, आणि आज ती मुलींसाठी आधी हवी, कारण आज या तालुक्यातून नोकरीला जाणाऱ्यांत मुली कमी नाहीत. पेइंग गेस्टमध्ये एका खोलीत चार कॉट टाकून प्रत्येकीकडून दोन महिन्यांचं डिपॉझिट घेतात, तेव्हा गर्दी तीच असते, फक्त कारभारी नसतो.

सरकारने काही केलं नाही असं नाही. २००८ ला एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली होती. १६० चौरस फूट, भाड्याने, शहरात नव्याने येणाऱ्यांसाठी. मी तेव्हा नोकरीत होतो, वर्तमानपत्र कापून ठेवलं होतं. पुढे काय झालं? त्यातली पनवेलजवळ कोनला बांधलेली घरं सोडत काढून गिरणी कामगारांना मालकीने दिली. गिरणी कामगारांना घरं मिळालीच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण बघा, आपल्याकडे भाड्याचं घर बांधलं तरी ते शेवटी मालकीचंच होतं. आणि २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटीहून जास्त घरं रिकामी सापडली. मालक म्हणतो, भाडेकरू बसला की उठत नाही. अहो, ती १९४७ ची भीती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यातल्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली आणि माणूस उठला नाही, तर त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

म्हणून माझं म्हणणं, गावमंडळांनी मुंबईत जागा घ्याव्या. एकट्या वाडीला जमणार नाही, दहा गावांनी मिळून दोन फ्लॅट घ्या, एक मुलींचा, एक मुलांचा, मुक्काम वर्षभराचा, नंतर जागा दुसऱ्याला. पैसे कुठले म्हणता? देवळाच्या सभामंडपाला मार्बल कुणाच्या वर्गणीतून लागलं? मुंबईकरांच्याच. देवाला मार्बलची तक्रार नाही, पण थंडीत पाय गारठतात त्याचे. (हशा. मागून कुणी : ‘मार्बलला हात लावू नका!’) नाही लावत. लागलेलं राहू दे, पुढलं थांबवा.

(मागून : ‘सर, तुमचा स्वतःचा फ्लॅट आहे ना?’)

आहे. डोंबिवलीला. हा प्रश्न मला प्रत्येक गावात येतो. मी फ्लॅट घेऊ नका असं कधी म्हटलंय? मी घेतला तेव्हा चाळिशीला टेकलो होतो, नोकरी कुठे राहणार ते ठरलं होतं, पोरं शाळेत होती. बाविसाव्या वर्षी घेतला असता तर बँकेने माझी बदली केली तेव्हा काय डोंबिवली पाठीला बांधून नेली असती? मी टेबलापलीकडे बसून शेकडो अर्ज पाहिले...

अध्यक्षांनी चिठ्ठी दिलीय. पाच मिनिटं. बरं.

मग फ्लॅट भराभर. एक कोटीचा धरा. ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच जाते, त्यामुळे कर्ज ७५ लाख धरू. उरलेले २५ लाख तुमचे. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ६ लाख, बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत. नोंदणी फी ३०,०००. मुद्रांक आणि नोंदणी कर्जात बसत नाही. म्हणजे ३१ लाख रोख आधी हवेत. वीस वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता ६५,००० च्या थोडा वर. पगार ३५,०००. यापुढे मला काही सांगायची गरज आहे का? ते ३१ लाख कुठून येतात ते मला माहीत आहे, कलमांची बाग विकून आणि बापाच्या प्रॉव्हिडंट फंडातून. बाग विकू नका एवढं ऐका. म्हाडाची सोडत भरा, वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर अत्यल्प गटात, नऊपर्यंत अल्प गटात. भरत राहा, पण तिच्या भरवशावर लग्नाची तारीख धरू नका.

आणि आता भाड्याचा करार. दलाल सांगतो, अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही. खोटं. महाराष्ट्रात त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, महिने कितीही असोत, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. मघाच्या तीन मुलींच्या हिशेबात मुद्रांक आणि नोंदणी दोन्ही मिळून दोन हजारांच्या आसपास जातात. एवढ्यासाठी एक लाख आठ हजारांचं डिपॉझिट तोंडी बोलण्यावर सोडू नका. घरात शिरताना पंखे, नळ, भिंतीवरचे डाग, सगळ्याचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा, म्हणजे निघताना रंगाचे पैसे कापायला तो कचरेल.

घंटा वाजली. एक चिठ्ठी राहिलीय : ‘आमच्या वाडीची परळची खोली अजून आहे, बिल्डरची माणसं येऊन गेली, काय करावं?’ आधी भाडेपावती कुणाच्या नावावर आहे ते बघा. बहुतेक ती जुन्या कारभाऱ्याच्या नावावर असते, आणि पुनर्विकासात घर पावतीवरच्या नावाला मिळतं, वहीतल्या पंचवीस नावांना नाही. मंडळ नोंदणीकृत नसेल तर आधी ते करा, कारभाऱ्याच्या वारसांशी आत्ताच बसा, चहा घेऊन, वकील नंतर. ज्यांच्याकडे पावती असेल त्यांनी खाली चहाच्या टेबलाशी भेटा, मी शेवटची एसटी गाठेपर्यंत आहे.