मोटारीवाचून संसार

गोव्यात घरापुढे मोटार उभी असणे ही आता कौतुकाची गोष्ट राहिलेली नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील शंभर घरांपैकी सुमारे ४५ घरी मोटार आढळली. साऱ्या देशाचे हेच प्रमाण शंभरात आठांच्याही आत होते. हा आकडा ऐकून कोणालाही अभिमान वाटेल. परंतु त्याची दुसरी बाजू अशी की, या प्रदेशातही निम्म्याहून अधिक घरे मोटारीवाचून चालली आहेत. तेथे मुले शिकत आहेत, म्हाताऱ्यांची औषधे वेळेवर येत आहेत, लग्नकार्ये पार पडत आहेत. हे संसार कोणत्या आधारावर चालतात, याचा आज थोडा विचार करू.

पहिला आधार जवळपणाचा. पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखादे गाव घ्या. सकाळी पाववाल्याचा भोंपू वाजतो, मागोमाग मासळीवाली दारात येते, तेलमीठ वाड्यावरच्या पसरकाराकडे मिळते. १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. मूल पाटी घेऊन पायी जाऊ शकेल इतक्या अंतरावर शाळा आली. पुढे पेडण्यात विर्नोड्याला आणि डिचोलीत साखळीला सरकारी महाविद्यालये झाली. जी मुलगी एरवी दहावीनंतर घरीच बसली असती, ती त्यामुळे पदवीधर होऊ शकली. जी वस्तू आपल्यापाशी चालत येते, तिच्यासाठी वाहन लागत नाही, एवढाच याचा अर्थ.

दुसरा आधार सामाईक वाहनाचा. १९८० साली कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले. त्याच्या आणि खाजगी मालकांच्या बसगाड्या, नार्वे–दिवाडी व केरी–तेरेखोल या फेरीबोटी, पेडण्यावरून जाणारी कोकण रेल्वे, आणि अगदी अडचणीच्या वेळी नाक्यावरचा मोटारसायकलवाला ‘पायलट’, एवढा लवाजमा बिनमोटारीच्या माणसाच्या दिमतीला असतो. अशा घरात बसची वेळ हेच घड्याळ. साडेसातची बस चुकली तर दिवस चुकला, हे तेथील मुलांना पंचांग न पाहता कळते. सुटे पैसे जवळ ठेवणे, म्हाताऱ्या माणसाला जागा देणे, अनोळखी माणसाला वाट विचारणे, या गोष्टी ती प्रवासातच शिकतात. मुलगा शाळा चुकवून बाजारात उतरला, तर ती बातमी कंडक्टरकडून संध्याकाळच्या आत घरी पोहोचते. कर्जाचा हप्ता नाही, पेट्रोलचा खर्च नाही; तो पैसा मुलांच्या पुस्तकांकडे वळतो.

मात्र या चित्राचे नुसतेच गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या संसाराची खरी कसोटी दिवस मावळल्यावर लागते. तुयें किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत उशिराची पाळी करणाऱ्या स्त्रीने शेवटची बस गेल्यावर घरी कसे जावे? रात्री अकस्मात दुखणे उद्भवले, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बांबोळीच्या इस्पितळात पोहोचवील. पण दुसऱ्या दिवशी डबा घेऊन जाणाऱ्या माणसाला दोन-तीन बसगाड्या बदलाव्या लागतात. २०१२ साली खाणी थांबेपर्यंत डिचोलीच्या रस्त्यांनी खनिजाच्या ट्रकांच्या रांगा पाहिल्या. त्यांच्या कडेने शाळेला जाणाऱ्या मुलांचे जिणे काय होते, ते त्यांच्या आयांना विचारावे. पेडण्यात मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाला. दूरदूरची शहरे काही तासांच्या अंतरावर आली. पण त्याच तालुक्यातील आडगावच्या माणसाला रात्री म्हापशाहून घरी परतणे सोपे झाले, असे म्हणवत नाही.

यात एक दुष्टचक्रही आहे. बस वेळेवर येत नाही म्हणून ज्याला परवडते तो गाडी घेतो. प्रवासी घटले म्हणून बसची फेरी बंद होते. मग ज्याला परवडत नाही तोही कर्ज काढतो, आणि ज्याला कर्जही मिळत नाही तो रस्त्यावर ताटकळतो. शिवाय मोटार असलेल्या घरातही ती घेऊन एकजण कामावर गेला की आजी, सून आणि मुले ही सारी बिनमोटारीचीच असतात. तेव्हा हा प्रश्न केवळ गरिबांच्या घरचा आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

मोटार घेणे न घेणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर आणि ऐपतीवर सोपवावे. परंतु रात्री खात्रीने सुटणारी एक बस, पावसात उभे राहता येईल असा थांबा आणि रस्त्याच्या कडेला चालण्यापुरती निर्धोक पट्टी, या गोष्टी एकट्या कुटुंबाला विकत घेता येत नाहीत. त्या गावाने मागायच्या असतात आणि सरकारने द्यायच्या असतात. ग्रामसभेत रस्ता रुंद करण्याची मागणी जेव्हा होईल, तेव्हा त्या रस्त्यावरून पायी चालणाऱ्याची आणि बसची वाट पाहणाऱ्याची आठवण कोणी तरी उठून करून द्यावी.