रानातला वाटा

बेळगावच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या रांगा जिकडे चढू लागतात त्या बाजूला, बेळगुंदी हे गाव आहे. गावापुढे राकसकोपचा जलाशय लागतो. मार्कंडेय नदीचे तेथे अडविलेले पाणी बेळगाव शहर पिते. त्याही पलीकडे चंदगड तालुक्याचे रान सुरू होते, आणि त्या रानातच देवरवाडीचा वैजनाथ आहे. रान एकच, पाऊस एकच, बोलीही एकच. तथापि मधून एक रेषा गेलेली आहे. अलीकडे कर्नाटक, पलीकडे महाराष्ट्र.

ह्या मुलखात एके काळी पारध निघत असे. काही माणसे रानात शिरून हाका घालीत, काही मोक्याच्या वाटा धरून बसत, आणि ठासणीची बंदूक ज्याच्याजवळ असे तो नेम धरी. सावज पडले म्हणजे त्याचे वाटे पडत. नेम धरणाऱ्याला थोडे अधिक मिळे; पण काट्याकुट्यांतून ओरडत गेलेल्या पोराचाही वाटा बुडत नसे. आता प्रश्न असा, की गावात नुकताच राहावयास आलेला कोणी परका हाक्याला गेला, तर त्याला वाटा द्यावा की न द्यावा? गावाच्या रीतीने ह्याचे उत्तर सोपे होते. जो राबला त्याचा वाटा. परंतु रानाचा कारभार गावाच्या हातून राज्याच्या हाती गेला, की हेच उत्तर इतके सोपे राहात नाही. मग ‘इथला कोण?’ ह्या प्रश्नाला कागदी पुरावा लागतो.

हा प्रश्न जगात आज सर्वांत बारकाईने कोठे सोडविला जात असेल तर तो अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत. मोंटाना, वायोमिंग, कोलोरॅडो ही ती डोंगराळ राज्ये. तेथे एल्क नावाचे मोठे हरिण आहे. आपल्या सांबराहून ते थोराड, आणि काश्मीरच्या हंगुलाच्या कुळातले. शरद ऋतूत त्याच्या शिकारीचा हंगाम येतो. परंतु बंदूक खांद्यावर टाकली आणि निघाले, असे तेथे चालत नाही. प्रत्येक शिकाऱ्याजवळ शासनाने दिलेली चिठ्ठी असावी लागते. तिला तेथे टॅग म्हणतात. एका चिठ्ठीवर एकच जनावर. कोणत्या विभागात, कोणत्या तारखांना, नर की मादी, हे सारे त्या चिठ्ठीत बांधलेले असते. आणि जनावर पडताच ती भरून त्याच्याच अंगाला जोडावी लागते.

डेन्व्हरसारख्या शहरांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आहेत. समजा, त्यांतील एखाद्या तरुणाला शेजाऱ्याबरोबर एल्कच्या शिकारीस जावेसे वाटले. त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो नेमबाजीचा नव्हे, तर निवासाचा. कोलोरॅडोत रहिवासी म्हणून चिठ्ठी हवी असेल तर सलग सहा महिने तेथे वास्तव्य झालेले असले पाहिजे. मोंटानात १८० दिवस लागतात आणि वायोमिंगमध्ये पुरे एक वर्ष. नुसते घर विकत घेतल्याने भागत नाही. वाहन चालविण्याचा परवाना, मतदारयादीतील नाव, कराचे विवरणपत्र असे पुरावे जुळावे लागतात, आणि एकाच वेळी दोन राज्यांचा रहिवासी म्हणवून घेता येत नाही. त्याशिवाय शिकारीच्या सुरक्षिततेचे शिक्षण घेतल्याचा दाखला हवा. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो आवश्यक आहे. शिकार शरदात असली तरी अर्ज वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतच करावा लागतो. अनेक विभागांत मागणी फार आणि चिठ्ठ्या थोड्या, म्हणून सोडत काढतात. काही राज्यांत, ज्याचे नाव निघाले नाही त्याच्या खात्यावर एक गुण जमा होतो. असे गुण साठत साठत काही वर्षांनी त्याची पाळी येते. तोवर नवागताला परराज्याचा शिकारी म्हणून अर्ज करण्याची मुभा असते. मात्र त्याचे शुल्क रहिवाशाच्या कितीतरी पट असते.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, एका हरणासाठी एवढा खटाटोप कशाला? त्याचे कारण इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकारीने एल्कचे कळप लयाला चालले होते. आज उत्तर अमेरिकेत ते पुन्हा सुमारे १० लक्ष आहेत असे मानतात. ही भरपाई आपोआप झाली नाही. शिकारीवर बंधने आली, आणि परवान्याचे शुल्क रानांच्या राखणीला लागले. पुढे १९३७ च्या केंद्रीय कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्नही त्याच कामास बांधून दिले. म्हणजे ज्यांना आज चिठ्ठी मिळते त्यांच्या वाडवडिलांनी आपला हात आवरला होता आणि वर पैसाही मोजला होता. नवागताने थोडे थांबावे, ही अपेक्षा ह्यातून जन्मली.

परंतु थांबावयाचे किती आणि मोजावयाचे किती, ह्यावर वाद झालाच. १९७६ च्या हंगामात मोंटानाच्या रहिवाशाला एल्कची चिठ्ठी ९ डॉलरला मिळत होती. परराज्याच्या माणसाला मात्र एल्क हवे तर अनेक प्राण्यांचा एकत्रित परवाना घेणे भाग होते आणि त्याची किंमत होती २२५ डॉलर. शिवाय असे परवाने १७,००० हून अधिक द्यावयाचे नाहीत, अशी मर्यादा होती. एक देश, एक नागरिकत्व, मग हा भेद कसा? असा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ मध्ये सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यायालयाने मोंटानाच्या बाजूने निकाल दिला. त्यातील विवेचन लक्षात ठेवण्याजोगे आहे. एल्कची शिकार ही परराज्यातील माणसाची उपजीविका नव्हे, ती क्रीडा आहे. पोटापाण्याच्या बाबतीत परराज्याच्या नागरिकाला दूर लोटता येत नाही. पण क्रीडेच्या बाबतीत, मर्यादित संपत्ती राखण्यासाठी राज्याला आपपर भाव करता येतो. उपजीविका एकीकडे, क्रीडा दुसरीकडे, अशी ही विभागणी झाली.

अमेरिकेत मनुष्य राज्य बदलतो. बेळगुंदीच्या बाजूला झाले ते उलटे. माणसे जागच्या जागी राहिली आणि राज्यच बदलले. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि चंदगड हा त्याच जिल्ह्याचा एक तालुका होता. राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने चंदगड मुंबई राज्यातच राहिले व पुढे कोल्हापूर जिल्ह्यात गेले. उरलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. रात्री मुंबई राज्यात निजलेला बेळगुंदीकर सकाळी म्हैसूर राज्यात उठला. त्याने उंबरठाही ओलांडला नव्हता. पण कालपर्यंत ज्या रानाला तो आपल्या जिल्ह्याचे म्हणे, त्याच्या पलीकडच्या भागात तो आता परराज्याचा झाला होता.

कायद्याची स्थिती तर आणखी चमत्कारिक झाली. मुंबई राज्याने वन्य पशू व पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा १९५१ मध्ये केला होता. पुनर्रचनेच्या कायद्यातच अशी तरतूद होती, की ज्या प्रदेशात जो कायदा चालू असेल तो बदलेपर्यंत तेथे चालू राहावा. त्यामुळे राज्य म्हैसूरचे आणि रानाचा कायदा मुंबईचा, असा काळ ह्या भागाने पाहिला. म्हैसूरचा स्वतःचा तशा स्वरूपाचा कायदा झाला तो १९६३ मध्ये. बंदुकीचीही तीच गत. शस्त्राच्या परवान्याला प्रदेशाची हद्द असते. बेळगाव जिल्ह्यापुरता ज्याचा परवाना असेल, त्याच्या कागदाची हद्द ह्या नव्या रेषेशी येऊन थांबली. सावजाला रेषा ठाऊक नव्हती. बंदूकवाल्याला मात्र ती ठाऊक असणे भाग होते.

पुढे १९७२ मध्ये सबंध देशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात आरंभी शिकारीचे परवाने होते. विशेष शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार आणि प्राणी पकडणे असे त्याचे प्रकार पाडलेले होते. परवानाधारकाने मारलेल्या जनावरांची नोंद ठेवावी, मादी व पिल्ले मारू नयेत, असे दंडक होते. अमेरिकेतील चिठ्ठीचाच हा एक भाऊबंद. परंतु तोवर आपल्याकडची रानेच इतकी विरळ झाली होती, की वाटे पाडण्याजोगे फारसे उरले नव्हते. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ती सारी कलमे गेली आणि शिकार बंद झाली. कोल्हापूरच्या संस्थानिकांचे दाजीपूरचे शिकारीचे रान १९५८ मध्येच गव्यांचे अभयारण्य झाले होते. खानापूर तालुक्यातील भीमगडचे रानही चालू शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या प्रारंभी अभयारण्य झाले. आज ह्या मुलखात सांबराच्या शिकारीची चिठ्ठी ना रहिवाशाला मिळते, ना नवागताला. त्या बाबतीत सारे समान झाले.

मग रानातला वाटा संपला काय? मांसाचा वाटा संपला. नुकसानीचा वाटा मात्र राहिला आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमूग उकरून टाकतो. गवा उसात शिरला की अर्धे खातो आणि अर्धे तुडवितो. २००२ च्या सुमारास तर कर्नाटकातील हत्ती सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला उतरले. त्या राज्याला ते नवागतच. पण त्यांना ना वास्तव्याचा दाखला लागला, ना सोडत. ज्यांनी पूर्वी हत्ती देवळाच्या मिरवणुकीतच पाहिला होता, त्यांच्या माडांवर आणि केळींवर तो येऊन उभा राहिला.

अशा वेळी शेतकऱ्याजवळ दोनच उपाय उरतात. एक म्हणजे, ठराविक प्राणी पिकाला वा जीविताला धोकादायक ठरला तर त्याला मारण्याची लेखी परवानगी वनखात्याचा अधिकृत अधिकारी देऊ शकतो. ती अपवादाची वाट आहे आणि तशीच ती असावी. शस्त्रांच्या १९५९ च्या कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे खरा. पण राखणीची बंदूक म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, हा भेद विसरल्याने पुष्कळ जण खटल्यात सापडतात. दुसरा उपाय म्हणजे नुकसानभरपाई. तिच्यासाठी नुकसान दिसताच वनखात्याला कळविणे, पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवणे आणि शेताचा उतारा जोडणे ही सर्वसाधारण रीत आहे.

येथे पुन्हा ‘इथला कोण?’ हा जुना प्रश्न उभा राहतो. कर्नाटकात उतारा कन्नडमध्ये असतो आणि महाराष्ट्रात सातबारा मराठीत. एकाची जमीन रेषेच्या अलीकडे आणि घर पलीकडे असले, तर त्याला दोन राज्यांच्या दोन रीती शिकाव्या लागतात. त्याहून अवघड स्थिती वाटेकऱ्याची. दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसणाऱ्या माणसाचे नाव उताऱ्यावर नसते. रात्रभर माळ्यावर बसून डबा बडविणारा तो, आणि दावा मात्र उताऱ्यावरच्या नावाचा. हाक्याला गेलेल्याचा वाटा न बुडविणाऱ्या गावाला हे न्यायाचे वाटेल असे नाही.

ह्या ठिकाणी मोंटानाच्या निकालातली ती विभागणी उपयोगी पडते. क्रीडेचा वाटा असेल तर नवागताला थांबवावे. सहा महिने थांबवावे, वर्षभर थांबवावे. त्यात अन्याय नाही. त्या मुदतीत तो रान ओळखू लागतो आणि त्याच्या रक्षणाला हातभार लावतो. परंतु पोटाचा प्रश्न असेल तेथे असे थांबविणे बसत नाही. गव्याने तुडविलेले पीक कसणाऱ्याचे घर कोठे, त्याची भाषा कोणती, तो कधी राहावयास आला, हे पाहण्याचे कारण नाही. त्याने ते पीक लावले होते एवढे पुरे असावे. पंचनाम्यात जमिनीच्या मालकाबरोबर कसणाऱ्याचेही नाव यावे. रेषेच्या दोन्ही बाजूंच्या वनखात्यांनी एकमेकांच्या नोंदी मानाव्यात आणि अर्जाचा नमुना शेतकऱ्याला वाचता येईल अशा भाषेतही मिळावा. ह्या मागण्यांत मोठे असे काही नाही. गावच्या पारधीत वाटे पाडताना जेवढा समंजसपणा लागत असे, तेवढाच येथे लागतो.

राकसकोपच्या पलीकडून येणारा गवा अलीकडे कर्नाटकाचा आणि पलीकडे महाराष्ट्राचा म्हणून मोजला जातो. तो दोन्ही राज्यांचा ठेवा आहे. मग त्याला पोसण्याचा भार रेषेलगतच्या एकट्या शेतकऱ्यावर टाकून दोन्ही राज्यांना मोकळे होता येणार नाही. रानातले वाटे पाडावयाचे असतील, तर ह्या भाराचेही पाडले पाहिजेत.