पाठीवरील खूण वेळीच ओळखू या
(वार्षिक सभेतील भाषण)



तान्ह्या बाळाची पाठ डॉक्टरांपेक्षा अधिक वेळा पाहतात त्या त्याला तेल लावून अंघोळ घालणाऱ्या आजी वा बाई. म्हणून आमची पहिली विनंती त्यांनाच आहे. कमरेच्या मधोमध केसांचा पुंजका, मऊ गाठ, लाल डाग किंवा माकडहाडाच्या वर खोल खळी आढळल्यास ती केवळ जन्मखूण समजून सोडू नये.

अशा खुणेखाली कधी कधी जखडलेला मज्जारज्जू असतो. यालाच ‘टेथर्ड कॉर्ड’ म्हणतात. मज्जारज्जूचे टोक एरवी कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी मोकळे असते. चरबीच्या गाठीने वा जाड तंतूने ते खाली बांधले गेले, की वाढत्या वयात त्यावर ताण येतो व त्याचे कार्य मंदावते. पाऊल वाकडे होणे, चालताना अडखळणे, पाठ व पाय दुखणे, कणा वाकणे, ही त्याची लक्षणे होत. अंथरूण ओले करणाऱ्या प्रत्येक मुलास हा विकार नसतो. परंतु कोरडे राहू लागलेल्या मुलाची लघवी पुन्हा, विशेषतः दिवसाही, गळू लागली तर रागावण्याआधी त्याची तपासणी करावी.

पहिल्या काही महिन्यांत सोनोग्राफीने व पुढे एमआरआयने निदान होते. शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाखाली मज्जारज्जू मोकळा केला जातो. वेदना बहुधा कमी होतात, पायांची शक्तीही काही अंशी सुधारते. मात्र लघवीवरील गेलेला ताबा पुष्कळदा परत येत नाही. विलंबाची खरी किंमत हीच. काही मुलांत मज्जारज्जू पुन्हा चिकटतो, म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत तपासणी चुकवू नये.

याच कसबा बावड्यात १८७४ साली जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. शाळेत आलेले मूल कपडे ओले होतात म्हणून घरी बसू नये, ही जबाबदारी आता आपली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते; शिक्षकांनी अशी मुले तेथे आवर्जून दाखवावीत.

देणगीदारांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. शस्त्रक्रियेने उपचार संपत नाहीत. अनेक मुलांना मूत्रपिंडे जपण्यासाठी दिवसातून अनेकदा नळीने लघवी काढावी लागते, आणि तो खर्च वर्षानुवर्षे चालतो. आपले साहाय्य तेथवर पोहोचावे, हीच नम्र प्रार्थना.